चार स्क्रूंवर भरलेलं कपाट टिकतं कसं?

प्रश्न : नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वरची कपाटं आम्ही स्वतःच बसवायचं ठरवलं आहे. पेट्या तयार आहेत, घरात ड्रिल मशीन आहे, मदतीला भाऊ येणार आहे. पण पहिलंच भोक पाडलं तेव्हा राखाडी-पांढरी भुकटी भसाभसा पडली आणि गिट्टी घालून स्क्रू पिळला तर गिट्टीच गोल फिरायला लागली. ओळखीचे सुतार म्हणाले, "लांब स्क्रू मारा, काही होत नाही." आईच्या घरी कित्येक वर्षांपूर्वी साध्या स्क्रूंवर लावलेलं कपाट अजून हललेलं नाही. मग आमच्याच भिंतीचं काय बिनसलं? आणि मुळात धान्याच्या डब्यांनी भरलेलं कपाट बोटाएवढ्या चार स्क्रूंवर टिकतं तरी कसं?
– एक वाचक, वाकड, पुणे

उत्तर : भिंतीचं काही बिनसलेलं नाही, ती वेगळ्या जातीची आहे एवढंच. पण तिच्याकडे वळण्याआधी तुमचा दुसरा प्रश्न घेऊ. चार स्क्रूंवर नेमकं काय येतं हे कळलं, की भिंतीकडून काय मागायचं ते आपोआप कळेल.

आधी वजन मांडून पाहू. 60 सेंटिमीटर रुंद, 72 उंच आणि 30 खोल अशी पेटी 18 मिलिमीटर प्लायची केली, तर शटर धरून ती रिकामीच 18 ते 20 किलोंची होते. आत एक फळी, म्हणजे डबे ठेवायला दोन थर. तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळी, तेलाचा कॅन असा महिन्याचा भरणा झाला की 40 किलो कधी होतात ते कळतही नाही. स्टीलच्या डब्यांचं स्वतःचं वजनही त्यात आलंच. तर हिशेबाला एक भरलेलं कपाट 60 किलोंचं धरू. तीन कपाटं ओळीने लावलीत तर ओट्याच्या वर, तुमच्या डोक्याच्या पातळीला, पावणेदोनशे-दोनशे किलो लटकणार आहेत.

हे वजन स्क्रूंवर दोन दिशांनी येतं. एक ओढ सरळ खाली असते. ही ओढ स्क्रूला आडवी बसते आणि लोखंडी स्क्रूला तिची फारशी पर्वा नसते. 5 मिलिमीटर जाडीचा चांगला स्क्रू असा आडवा तुटायला शेकडो किलोंचा जोर लागतो. दुसरी ओढ बाहेरच्या बाजूला असते, आणि ती चटकन लक्षात येत नाही. कपाटाचं वजन भिंतीला चिकटून नसतं, ते भिंतीपासून साधारण 15 सेंटिमीटर पुढे असतं. त्यामुळे कपाटाची खालची कड भिंतीवर दाबली जाते आणि वरची कड भिंतीपासून सुटून पुढे यायला बघते. वरचे स्क्रू तळापासून 65 सेंटिमीटरवर असतील, तर 60 गुणिले 15 भागिले 65, म्हणजे सुमारे 14 किलोंची ओढ त्यांना सतत बाहेर खेचत राहते. दोन स्क्रू असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सातेक किलो.

आकडा ऐकून हायसं वाटलं असेल, आणि वाटायला हरकतही नाही. चांगल्या भाजलेल्या विटेत नीट बसलेली गिट्टी एवढी ओढ सहज पेलते. आईकडचं कपाट इतकी वर्षं टिकलं ते याचमुळे. पण हा हिशेब कपाट शांतपणे लटकत असतानाचा आहे. स्टुलावर चढलेल्या माणसाने तोल सावरायला कपाटाच्या खालच्या पुढच्या कडेला धरून 30 किलोंचा भार दिला, तर आणखी 14 किलोंची ओढ त्यात भरते, म्हणजे क्षणात दुप्पट. म्हणून गरजेच्या दुप्पट नव्हे, चांगली चौपट ताकद हाताशी ठेवून बांधणी करायची.

कधी पडलेलं कपाट पाहायला मिळालं तर त्याचे स्क्रू निरखून पाहा. ते बहुधा धडधाकट असतात. वाकलेले असले तरी तुटलेले क्वचितच, आणि त्यांच्यावर गिट्टी तशीच चढलेली असते. गिट्टीच्या तोंडाशी प्लास्टरचा एखादा वाटोळा टवकाही चिकटलेला सापडतो. स्क्रूने गिट्टी सोडलेली नसते, गिट्टीने भिंत सोडलेली असते. म्हणूनच लांब, जाड, महागडे स्क्रू आणण्याआधी भिंत ओळखणं महत्त्वाचं.

भिंतीची ओळख तिच्या भुकटीवरून पटते. प्लास्टर ओलांडून ड्रिलचा बिट आत शिरला आणि लाल-तांबडी भुकटी आली, तर भाजकी वीट. करडी, बारीक भुकटी अगदी थोडी येते, मशीन किंचाळतं आणि बिट पुढे सरकायलाच तयार नसतो, तेव्हा समोर काँक्रीट आहे असं समजा. जुन्या पद्धतीच्या इमारतीत ते एखाद्या कॉलमचं किंवा बीमचं असतं. अॅल्युमिनियमच्या साच्यांत उभ्या केलेल्या नव्या उंच इमारतींत, ज्यांना सगळे मिवान म्हणतात, बहुतेक सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात. आणि तुमच्यासारखी राखाडी-पांढरी भुकटी भरपूर पडली, बिट काहीच अडथळा नसल्यासारखा आत गेला, तर त्या भिंती एएसी ब्लॉकच्या. साइटवर यांना सरसकट सिपोरेक्स म्हणतात.

हे ब्लॉक सिमेंट, चुना, जिप्सम आणि औष्णिक वीजकेंद्रातली राख किंवा वाळू यांच्यापासून बनतात. मिश्रणात चिमूटभर अॅल्युमिनियमची पूड घातली की हायड्रोजन वायू सुटतो आणि सगळं मिश्रण फुगतं. मग दाबाखालच्या वाफेत ते पक्कं करतात. वायू निघून जातो, पण बारीक पोकळ्या राहतात. म्हणून एका घनमीटर ब्लॉकचं वजन 550 ते 650 किलोंच्या आसपास असतं, भाजक्या विटेच्या जवळपास एक तृतीयांश. इमारतीवरचा भार यामुळे हलका होतो, उन्हाचा तापही आत कमी येतो. भिंत म्हणून हा माल चांगलाच आहे, पण साध्या गिट्टीशी त्याचं जमत नाही.

याचं कारण गिट्टीच्या कामात आहे. जॉन जोसेफ रॉलिंग्ज या ब्रिटिश गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला तागाच्या तंतूंची पहिली अशी गिट्टी काढली आणि 1958 मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची केली. पण तत्त्व तेच राहिलं. स्क्रू आत शिरतो, गिट्टी फुगते, भोकाच्या भिंतींवर दाब देते आणि त्या दाबातून होणाऱ्या घर्षणावर सगळं टिकतं. वीट तो दाब परतवते. एएसी ब्लॉकमध्ये मात्र पोकळ्यांच्या पातळ भिंती चुरडतात, भोक रुंद होतं आणि गिट्टीला पकडायला काही उरत नाही. मग ती स्क्रूबरोबर गरगर फिरते. तुमच्याकडे झालं ते एवढंच.

बिघडलेल्या भोकात काडेपेटीच्या काड्या, कागदाची गुंडाळी किंवा लाकडाची ढपली ठोकून स्क्रू घट्ट करण्याची एक घरगुती युक्ती आहे. त्या क्षणी स्क्रू घट्ट लागतो, म्हणून ती युक्ती खरी वाटते. पण स्वयंपाकघरात वाफ असते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि दर फेरीत पकड थोडी ढिली होते. कॅलेंडर टांगायला हे चालेल, 60 किलोंच्या कपाटाला अजिबात नाही. ते भोक बुजवून टाका आणि नवं भोक तिथून किमान 7-8 सेंटिमीटर लांब घ्या.

आता तुमच्या भिंतीवरचा उपाय. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात एएसी ब्लॉकसाठीची गिट्टी म्हणून स्पष्ट मागा. तिच्या अंगावर रुंद, तिरके पंख असतात. दाबापेक्षा हे पंखच ब्लॉकमध्ये रुतून पकड घेतात. लांब दांड्याच्या नायलॉन गिट्ट्याही मिळतात, त्यांतली एएसीसाठी चालते असं पाकिटावर छापलेली घ्या. भोक पाडताना ड्रिलचं हॅमर बंद ठेवायचं, नुसतं फिरवून भोक घ्यायचं. हॅमरचे ठोके ब्लॉकला आतून फोडतात आणि 8 मिलिमीटरच्या बिटाने 10 मिलिमीटरचं वेडंवाकडं भोक होतं. भोकातली भुकटी फुंकर मारून किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढून टाका. फुंकर मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच. डोळ्यांत उडणारे भुकटीचे कण हा या कामातला सगळ्यांत जास्त होणारा आणि सगळ्यांत सहज टाळता येणारा त्रास आहे.

याहीपेक्षा भरवशाचा मार्ग म्हणजे भार वाटून टाकणं. प्रत्येक पेटी वेगवेगळी चार स्क्रूंवर टांगण्याऐवजी भिंतीवर आधी एक सलग आडवी पट्टी बसवा. 18 मिलिमीटर प्लायची, 10 सेंटिमीटर रुंद, सगळ्या कपाटांच्या लांबीची. दर 15-20 सेंटिमीटरवर तिला एक स्क्रू द्या. मग त्या पट्टीवर पेट्या टांगा. पट्टीची वरची कड 45 अंशांत तिरकी कापून, पेटीच्या पाठीवर तशीच उलटी पट्टी लावली, तर पेटी वरून आत अडकते आणि वजनामुळे भिंतीकडेच ओढली जाते. सुतार याला फ्रेंच क्लीट म्हणतात. लोखंडी हँगिंग रेल बाजारात तयारही मिळते. एएसीच्या भिंतीवर कपाट टांगायचं तर पट्टीशिवाय टांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एखाद्या गिट्टीने दगा दिला तरी तिच्या शेजारच्या पाच-सहा सांभाळून घेतात.

सुतारांचा लांब स्क्रूचा सल्ला अर्धा बरोबर आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर टाइल असेल तर टाइल आणि तिच्यामागचा मसाला किंवा प्लास्टर मिळून सहज 25 मिलिमीटर होतात. 40 मिलिमीटरची गिट्टी त्यात ठोकली तर मूळ भिंतीत तिचा जेमतेम 15 मिलिमीटर भाग जातो. वर ती टाइलच्या जाडीतच फुगली तर टाइलला तडा जातो. तेव्हा गिट्टी पूर्णपणे विटेत किंवा ब्लॉकमध्ये बसेल इतकं खोल भोक हवं आणि तिथपर्यंत पोचून गिट्टीच्या टोकाबाहेर थोडा निघेल इतका लांब स्क्रू हवा. लांबी कामाची ती यासाठी. आखूड गिट्टीत लांब स्क्रू पिळला तर टोकाचा भाग नुसता पोकळीत फिरतो. उलट बाजूचंही भान ठेवा. आतली भिंत पुष्कळदा साडेचार इंचीच असते. जोरात हॅमर मारला तर पलीकडच्या न्हाणीघरातली टाइल सुटून पडते.

टाइलमध्ये भोक घेताना घाई करू नका. खूण केलेल्या जागी कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे बिट घसरत नाही. टाइलसाठीचा भाल्याच्या टोकाचा बिट लावा, हॅमर बंद, वेग कमी. सुरुवातीला नुसती कर्र आवाजाची घासणी होते आणि पांढरी पूड पडते. थोड्या वेळाने आवाज एकदम मऊ होतो, बिट हलकासा आत ओढला जातो आणि पुडीचा रंग बदलतो. टाइल पार झाली. तिथे थांबा, बिट बदला. आत वीट किंवा काँक्रीट असेल तरच आता हॅमर सुरू करा. व्हिट्रिफाइड टाइल साध्या चकचकीत टाइलपेक्षा बरीच कठीण असते, तिला डायमंडचा बिट लागतो आणि मधूनमधून पाणी शिंपडून तो थंड ठेवावा लागतो. त्या वेळी पाणी मशीनच्या अंगावर जाणार नाही याची काळजी घ्या, ओल्या हाताने मशीन धरू नका.

काँक्रीटच्या भिंतीत सळई लागली तर बिट खडखडतो आणि पुढे जात नाही. तिथे जोर लावून सळई कापत बसू नये, भोक थोडं बाजूला सरकवावं. आणि मशीनला बाजूची मूठ असेल तर ती नक्की लावा. बिट एकाएकी अडकला की मशीन स्वतःच फिरतं आणि मनगटाला जबरदस्त हिसका बसतो. ओढणी, पदर, लांब बाह्या, हातातल्या बांगड्या, मोकळे केस यांचा आधीच बंदोबस्त करा. फिरत्या बिटापाशी हातमोजेही घालू नयेत, तेही गुंतू शकतात.

सगळ्यांत मोठा धोका मात्र भिंतीच्या आत दडलेला असतो. स्वयंपाकघराच्या भिंतीत मिक्सरचे, फ्रिजचे, चिमणीचे, पाण्याच्या फिल्टरचे पॉइंट असतात आणि प्रत्येकाची वायर प्लास्टरखालच्या नळीतून गेलेली असते. वायर सहसा बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली जाते, कधी दोन बोर्डांमध्ये आडवीही जाते. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना वीतभर पट्टा सोडून द्या. सिंकचा नळ, फिल्टरचा नळ आणि भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल तर तिथले नळ यांच्या रेषाही अशाच सोडा. पण सगळेच वायरमन सरळ रेषेत जातात असं नाही, काही जण तिरका जवळचा रस्ता घेतात. म्हणून भिंतीतले धातू आणि वायर ओळखणारं छोटं यंत्र कुणाकडून मागून आणा. फ्लॅट ताब्यात घेताना बिल्डरकडून वायरिंगचा आणि नळांचा नकाशा मिळाला असेल तर तो काढा. प्लॅस्टिकचा नळ अशा यंत्राला बहुधा दिसत नाही, तिथे नकाशा किंवा काम चालू असताना काढलेले फोटोच उपयोगी पडतात.

आणि ड्रिल करताना स्वयंपाकघराचे एमसीबी बंद असलेच पाहिजेत. मग मशीन कशावर चालवायचं, असा प्रश्न लगेच येतो आणि तिथेच बरेच लोक ही पायरी गाळतात. हॉलमधल्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन घ्या. त्याआधी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक पॉइंटला मिक्सर लावून तो खरोखर बंद आहे ना हे पाहा, कारण डीबीवरची नावं चुकीची लिहिलेली सर्रास आढळतात. घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर तिचं टेस्ट बटण दाबून ती पडते का, तेही याच वेळी पाहून घ्या.

भिंतीचं झालं, आता पेटीकडे पाहा. तिची पाठ बहुधा 6 मिलिमीटरची असते आणि खाचेत सरकवलेली किंवा पिनांनी ठोकलेली असते. ती फक्त धूळ आणि झुरळं अडवायला आहे, भार घ्यायला नाही. त्या पातळ पाठीतून स्क्रू मारला तर भिंतीतली पकड कितीही पक्की असली तरी पेटी पाठीतून सुटून खाली येऊ शकते. पेटीच्या आत वरच्या आणि खालच्या बाजूला, दोन्ही कडांना जोडलेली जाड आडवी पट्टी आहे का ते बघा. नसेल तर पेटी टांगण्याआधी सुताराकडून ती लावून घ्या. स्क्रू त्या पट्टीतूनच जायला हवेत आणि डोक्याखाली रुंद वायसर हवा.

प्रत्यक्ष टांगण्याचं काम त्या मानाने सोपं आहे, पण ते दोघांचंच. ओट्यापासून 60 सेंटिमीटरवर कपाटाच्या तळाची आडवी रेषा लेव्हलने आखा. शेगडीच्या वर चिमणी येणार असेल तर तिथलं अंतर चिमणीच्या पुस्तिकेत दिलेलं असेल तेवढंच ठेवा, आणि शेगडीच्या थेट वर लाकडी कपाट घेऊ नका. आखलेल्या रेषेखाली एक लाकडी पट्टी तात्पुरती ठोका किंवा ओट्यावर दोन टेकू उभे करा. शटर आणि फळ्या काढून पेटी हलकी करा, ती टेकूवर ठेवा. एकाने धरायची, दुसऱ्याने स्क्रू लावायचे. स्क्रू आधी ढिलेच ठेवा. सगळ्या पेट्या उभ्या राहिल्या की शेजारच्या पेट्यांच्या कडा एकमेकींना शिकंजाने आवळून स्क्रूने जोडा, मग भिंत जिथे आत गेली असेल तिथे पेटी आणि भिंत यांच्यामध्ये पातळ पाचर सरकवा, आणि शेवटी सगळं घट्ट करा. पाचरीशिवाय स्क्रू आवळला तर पेटी पिळवटते आणि मग शटर काही केल्या सरळ बसत नाहीत. ओट्यावर उभं राहून काम करू नका. चांगली पायऱ्यांची शिडी घ्या. ग्रॅनाइट गुळगुळीत असतं आणि त्यावर भुकटी पडली की पाय सरकायला वेळ लागत नाही.

डबे लगेच भरू नका. प्रत्येक पेटीत दोन दिवस वीसेक किलोंचं ओझं ठेवा, भिंत आणि पेटीच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने सलग खूण करा. खूण जुळलेली राहिली तर मग बाकीचा संसार वर चढवा.

प्रश्न : आमच्याकडे वरच्या कपाटांच्याही वर, छताला लागून, प्लायचा माळा करून घ्यायचा विचार आहे. खोली 60 सेंटिमीटर, उंची 45. कपाटाएवढेच स्क्रू पुरतील ना?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : पुरणार नाहीत, आणि फरक थोडाथोडका नाही. वरच्या उत्तरातला हिशेब इथे लावून बघा. तेच 60 किलो वजन आता भिंतीपासून 30 सेंटिमीटर पुढे आहे आणि वरचे स्क्रू तळापासून जेमतेम 40 सेंटिमीटरवर. 60 गुणिले 30 भागिले 40, म्हणजे 45 किलोंची ओढ बाहेरच्या बाजूला. कपाटाला ती 14 होती. वजन तेवढंच, ओढ तिप्पट. भरलेली कळशी कमरेवर घेणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच हा.

शिवाय माळ्यावर काय जातं ते आठवा. पितळेची पातेली, पाहुण्यांसाठीची मोठी कढई, जुना मिक्सर, पाटा. रोज लागत नाही म्हणून जे जड ते सगळं वर. जुन्या इमारतींत हे खपून जायचं, कारण तिथला माळा बीममधून काढलेला काँक्रीटचा स्लॅब असायचा. तो भिंतीला टांगलेला नव्हता, इमारतीचा भाग होता. नव्या फ्लॅटमध्ये तो नसतो आणि त्याची जागा प्लायची पेटी घेते. दोन्हींना माळाच म्हणत असले तरी ताकद सारखी नाही.

म्हणून असा खोल माळा नुसत्या पाठीवर टांगू नका. त्याला खालून आधार द्या. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये तो बसत असेल तर दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल लावून त्यांवर टेकवा. एका टोकाला जमिनीपासून उंच उभं कपाट असेल तर माळ्याचं ते टोक त्याच्यावर टेकवता येतं, मात्र ते उभं कपाट स्वतः भिंतीला बांधलेलं हवं. वरून स्लॅबमध्ये लोखंडी अँकर मारून पुढची कड टांगणं हाही चांगला उपाय आहे. पण इमारतीचा स्लॅब पोस्ट-टेन्शनचा असेल, म्हणजे त्याच्या पोटात ताणलेल्या पोलादी केबली असतील, तर त्यात भोक पाडणं धोक्याचं आहे. सोसायटीकडे किंवा बिल्डरच्या इंजिनिअरकडे हे विचारल्याशिवाय छताला हात लावू नका. यातलं काहीच शक्य नसेल तर माळ्याची खोली 30-35 सेंटिमीटरवर आणा. सामान कमी मावेल, पण खालून वावरताना जिवाला घोर लागणार नाही.

प्रश्न : ओट्याखाली सिलिंडर ठेवतो, त्या कप्प्याला नवं शटर बसवून तो बंद करायचा आहे. चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शटर चालेल, कोंदट कप्पा चालणार नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली तर तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून शटरला वर आणि खाली, दोन्हीकडे जाळी हवी, आणि खालची जाळी अगदी तळाशी, जमिनीच्या पातळीला. कप्प्यात कुठलाही विजेचा पॉइंट ठेवू नका. फिल्टरचा किंवा ओव्हनचा प्लग सोयीचा म्हणून सिलिंडरच्या शेजारी काढलेला मी अनेक घरांत पाहिला आहे, आणि स्विचची एक ठिणगीसुद्धा पुरेशी असते. सिलिंडर उभाच ठेवायचा, रेग्युलेटरपर्यंत हात विनासायास पोचला पाहिजे. रबरी नळी कपाटाच्या कापलेल्या प्लायच्या कडेवर घासत असेल तर भोकाची कड घासून गुळगुळीत करा, आणि सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला. वास आलाच तर स्विच चालू किंवा बंद काहीही करू नका, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन 1906 या क्रमांकावर कळवा.

पाइपचा गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका असतो, वर जातो. पण तिथेही पाइप, मीटर किंवा व्हॉल्व्ह कपाटाच्या सोयीसाठी स्वतः हलवू नका. ते काम गॅस कंपनीच्या माणसाचं. तुम्ही कपाटाला हवा तेवढा छेद द्या, पाइपला कपाटाचा भार देऊ नका.

प्रश्न : आमच्या जुन्या कपाटाच्या वरच्या कडेला, भिंत आणि कपाट यांच्यात दोराएवढी फट दिसू लागली आहे. सिलिकॉन भरून ती बंद केली तर चालेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कृपा करून भरू नका. सिलिकॉन फट झाकतं, भार घेत नाही, आणि फट वाढते आहे का हे कळण्याची एकमेव सोयही त्याखाली जाते. वरच्या कडेची फट म्हणजे वरचे स्क्रू बाहेर येऊ लागले आहेत. आजच कपाट रिकामं करा, पण क्रमाने. कपाटाखाली ओट्यावर लाकडी टेकू घट्ट बसवा. मग आधी समोरचे जड डबे काढा, मागचे नंतर. शटर सताड उघडं ठेवून त्याला टेकू नका, शटरचं वजनही पुढेच पडतं. मुलांना तेवढा वेळ स्वयंपाकघराबाहेर ठेवा.

रिकामं झालं की वरचा एक स्क्रू काढून पाहा. त्याच्याबरोबर ओली, काळपट भुकटी किंवा गंज आला तर भिंतीत ओल आहे. आधी ती कुठून येते ते शोधावं लागेल, वरच्या मजल्याच्या न्हाणीघराकडे पहिला संशय घ्या. भुकटी कोरडी असेल तर जुनी भोकं झिजली आहेत. जुनी भोकं सोडून, आडवी पट्टी लावून, नव्या जागी नव्या गिट्ट्यांवर कपाट पुन्हा टांगा. पेटीचा प्लाय ओलीने फुगून स्क्रूभोवती भुसभुशीत झाला असेल तर तीच पेटी परत वर चढवू नका. तिची जागा आता ओट्याखाली.